दीड हजाराचा बूट अन् पावणेदोन लाखांचा अंगठा

पुढच्या वेळी कुठं झाड तोडताना दिसलं, तर आधी वर बघू नका. खाली बघा. तोडणाऱ्यांच्या पायांत काय आहे ते बघा.

आमगावात त्यासाठी फार फिरावं लागत नाही. मे महिना सरत आला की विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायचं काम निघतं. रस्ता रुंद व्हायचा असला की कडेची झाडं जातात. कुणाच्या अंगणातला आंबा छपरावर झुकलेला असतो, कुणी धुऱ्यावरची बाभूळ विकलेली असते. चार-पाच जणांची टोळी येते. एक जण वर चढतो, एक दोर धरतो, एकाकडे पेट्रोलवर चालणारी कटर मशीन असते, उरलेले कुऱ्हाडीनं फांद्या साफ करून ओंडके बाजूला ओढतात. मशीन नवी असते, कधी कधी महागडीही. पायांत मात्र रबरी स्लीपर, प्लास्टिकचे सँडल, नाहीतर काहीच नाही.

आपण हे इतक्यांदा बघितलंय की त्यात काही खटकतही नाही. हेल्मेट न घालता गाडी चालवणाऱ्या मित्राला आपण निदान टोकतो तरी. मशीनच्या साखळीपासून वीतभर अंतरावर उघडा पाय ठेवून उभा असलेला माणूस दिसला, तर आपण मोबाइल काढून झाड पडतानाचा व्हिडिओ करतो.

हा विषय आत्ता काढायला दोन कारणं आहेत, आणि दोन्ही २०२५ मधली. २२ सप्टेंबरपासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरचा जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी हजाराच्या वरच्या जोडीवर तो १८ टक्के होता. नंतर २१ नोव्हेंबरला केंद्रानं चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातली एक थेट कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेबद्दल आहे. म्हणजे बूट स्वस्त झाला, आणि तो कुणी द्यायचा हेही कायद्यात नव्यानं लिहिलं गेलं. तरीही आमगावच्या टोळीतल्या माणसाच्या पायात तो का येत नाही, हा साधा प्रश्न आहे. उत्तर मात्र साधं नाही.

आधी बूट म्हणजे नेमकं काय, ते बघू. दुकानात 'सेफ्टी शूज' म्हणून जे मिळतं, त्याचं भारतीय मानक आहे आयएस १५२९८. या बुटाच्या पुढच्या टोकात पोलादाची किंवा कठीण फायबरची टोपी बसवलेली असते. तिची परीक्षा २०० ज्यूलच्या आघाताची. बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर हिशेब करून बघा: २० किलोचं वजन साधारण एक मीटरवरून बोटांवर पडलं तर जेवढा मार बसेल, तेवढा. हातातून निसटलेला ओलसर ओंडका म्हणजे साधारण हेच प्रकरण. काही बुटांच्या तळव्यात खिळा किंवा काटा आरपार जाऊ नये म्हणून पत्रा असतो. बाभळीचा काटा अन् तिरपा कापलेला बांबूचा खुंट ज्यांनी अनुभवलाय, त्यांना या पत्र्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. २०२० च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं अशा सुरक्षा पादत्राणांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक केलंय.

'पोलादी टोपी वाकली तर तीच बोटं कापते' असं तुम्हीही ऐकलं असेल. गंमत अशी की ती टोपी वाकवणारं वजन उघड्या पायावर पडलं असतं तर काय झालं असतं, हे सांगणारा कुणी विचारात घेत नाही.

पण हा बूट चेनसॉसाठी केलेला नाही, हेही सरळ सांगायला हवं. फिरत्या साखळीपासून वाचवणाऱ्या बुटाचं मानक वेगळं आहे, आयएसओ १७२४९. त्यात साखळीच्या वेगानुसार वर्ग पाडलेत. पहिला वर्ग सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. दुसरा २४ मीटर. तिसरा २८ मीटर, म्हणजे ताशी शंभरच्या आसपास. आपल्या पायाजवळ हायवेवरच्या गाडीच्या वेगानं धारदार दात फिरत असतात, असं समजा. हे बूट युरोपातही महाग असतात, चामड्याचे असतील तर आणखी महाग. त्यातही मेख अशी की अडीच हजारांच्या वरच्या जोडीवर जीएसटी अजूनही १८ टक्केच आहे. फॅशनच्या महागड्या बुटाला जो नियम, तोच पाय वाचवणाऱ्या बुटाला.

तेव्हा आमगावच्या बाजारापुरतं बोलायचं तर तीन पर्याय उरतात. पावसाळी गमबूट, तीन-चारशे ते सहाशे रुपयांचा. पाणी, चिखल आणि काही प्रमाणात साप यांच्यापासून वाचवतो, ओंडक्यापासून नाही. पोलादी टोपीचा साधा सेफ्टी शू, आठशे-हजारापासून. आणि टोपी, तळव्यात पत्रा, घोट्याच्या वर जाणारी उंची आणि खोल नक्षीचा सोल असलेला बरा बूट, दीड हजाराच्या आसपास. लाकडाच्या कामाला खरा हाच. तोच धरून पुढचा हिशेब करू.

दीड हजार म्हणजे किती?

तुमच्या-माझ्यासाठी ती एका ऑनलाइन सेलमधल्या स्नीकरची किंमत आहे. रोजंदारीवाल्यासाठी? २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे जवळपास पाच दिवसांची मजुरी. झाड तोडणाऱ्याला रोज त्याहून जास्त मिळतो, पण रोज काम मिळत नाही. आपल्या जिल्ह्यात हिशेब धानात केला तर जास्त कळतं. साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. म्हणजे एक जोडी बूट घ्यायला ६३ किलो धान. घरात खाणारी पाच तोंडं असली तर एवढं धान पायात घालायचं की पोटात, याचं उत्तर कुणीही तेच देईल.

म्हणून 'मजुरांनाच सुरक्षेचं गांभीर्य नसतं' हे वाक्य मला पटत नाही. त्यांना गांभीर्य आहे, पैसे नाहीत. शिवाय जो रोज नवीन ठेकेदाराकडे जातो, त्यानं स्वतःच्या खिशातून बूट घेतला म्हणून त्याचा रोज दहा रुपयांनी वाढत नाही. खर्च त्याचा, आणि पाय शाबूत राहिल्याचा फायदा मात्र ठेकेदाराच्या कामाला, झाडाच्या मालकाला, सगळ्यांनाच.

आता दुसरी बाजू मांडू. पाय गेला तर किती?

कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय, पण त्यातली कोष्टकं पुढे चालू आहेत. कोणत्या अवयवाला किती टक्के, याची एक थंड रक्ताची यादी त्यात आहे. पायाचा अंगठा मुळापासून गेला तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरतात. दुसरं कुठलंही एक बोट मुळापासून गेलं तर ३ टक्के. समजा तीस वर्षांचा माणूस आहे, महिन्याला दहा हजार कमावतो. त्याच्या मजुरीच्या ६० टक्के म्हणजे सहा हजार. त्याला वयानुसारचा गुणक, तीस वर्षांना २०७.९८. गुणाकार १२ लाख ४७ हजार ८८०. त्याचे १४ टक्के म्हणजे १ लाख ७४ हजार ७०३ रुपये.

कायद्याच्या भाषेत एका अंगठ्याची किंमत ही. दीड हजाराच्या बुटाच्या शंभर पटींहून जास्त.

आणि कुणाला वाटेल की झाड तोडणारा या कायद्यात कुठं बसतो? बसतो. ताडाच्या झाडांना चिरा देणारे, झाडं तोडणारे आणि ओंडके वाहून नेणारे, जंगलातली आग विझवणारे, असा थेट उल्लेख जुन्या कायद्याच्या यादीत आहे. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याला हे सुचलं होतं की हे काम धोक्याचं आहे.

अडचण पुढे आहे. ही रक्कम मिळवायला मालक कोण हे दाखवावं लागतं, मजुरी किती होती हे दाखवावं लागतं, दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. झाडाचा मालक म्हणतो मी ठेका दिला. ठेकेदार म्हणतो ही माझी माणसं नाहीत, आज आली उद्या गेली. कागदाचा एक तुकडा नसतो. शेवटी दवाखान्याच्या खर्चाला म्हणून चार-पाच हजार हातावर ठेवले जातात आणि विषय मिटतो. वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढलेला असला तरी इथं उपयोग नाही. त्यात एक लाख मिळायला एक पूर्ण पाय किंवा हात निकामी व्हावा लागतो. अंगठा त्याच्या हिशेबात येतच नाही.

खरं नुकसान या कुठल्याच आकड्यात मावत नाही. चालताना शरीर पुढे ढकलायचं काम अंगठा करतो, तोल तोच सांभाळतो. तो नसलेला माणूस रोवणीच्या वेळी घोटाभर चिखलात दिवसभर कसा उभा राहील? डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून कसा चालेल? झाडावर तर तो पुन्हा चढणारच नाही. जखम भरायला दोन-तीन महिने जातात, ते नेमके उन्हाळा संपून रोवणी सुरू व्हायचे असतात. आणि अशा घरात बारावीनंतर शिकणारं कुणी असेल, तर पहिली काटछाट कशात होते हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या वर्गात मागच्या वर्षी होता आणि या वर्षी नाही असा कुणी असेल, तर त्याच्या घरी काय झालं होतं, एकदा विचारून बघा.

शेजारी काय झालं

आमगावची जागा मजेशीर आहे. लांजीच्या रस्त्यानं निघालं की मध्यप्रदेश, सालेकसा-दरेकसाच्या बाजूनं गेलं की छत्तीसगड. जंगलात राबणाऱ्यांच्या पायात सरकारनं काहीतरी घालावं, हा प्रयोग या दोन्ही शेजाऱ्यांनी करून बघितलाय. महाराष्ट्रात बसून आपण दोन्हीकडून शिकू शकतो.

छत्तीसगडनं २००५ मध्ये 'चरण पादुका' योजना सुरू केली. तेंदूपानं गोळा करणाऱ्यांना फुकट पादत्राणं. तेंदूपानं तोडणारा म्हणजे काही ओंडके कापणारा नव्हे, पण काटे, खुंट, साप, तापलेली जमीन त्याच्याही वाट्याला तीच. तुमच्यापैकी कितीतरी जण मे महिन्यात घरच्यांसोबत पहाटे पानं तोडायला जात असाल, तुम्हाला माहीतच आहे. २०१८ नंतर तिथं सरकार बदललं, योजना बंद पडली. पुन्हा सरकार बदललं, आणि जून २०२५ मध्ये ती परत सुरू झाली. बारा लाखांहून जास्त महिलांना बूट द्यायचं ठरलं. चांगलंच आहे. पण सरकार बदललं की पायातला बूट जातो-येतो, याचा अर्थ तो हक्क नाही, भेट आहे. भेट देणाऱ्याचा फोटो लागतो, हक्काला फोटो लागत नाही.

मध्यप्रदेशचा किस्सा जास्त बोलका. २०१८ मध्ये तिथंही तेंदूपानं गोळा करणाऱ्यांना बूट-चपला वाटल्या. मग चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या तपासणीत बुटाच्या आतल्या काळ्या तळव्यात अ‍ॅझो रंग सापडला. कर्करोगाच्या धोक्यामुळे ज्याचा वापर टाळला जातो, तो हा रंग. निवडणुकीचं वर्ष होतं, व्हायचा तो गदारोळ झाला. मला त्यातलं राजकारण सोडून एवढंच दिसतं: ज्याला बूट घालायचाय, त्याला तो निवडायचा, नाकारायचा, परत करायचा अधिकार नसला की गोदामात जे येईल ते पायात येतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे उदाहरण आहे, पण ते दुसऱ्या कामाचं. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या बांधकाम मजुराला सुरक्षा संच देतं. हेल्मेट, पट्टा, हातमोजे, गॉगल आणि सुरक्षा बूटसुद्धा. तुमच्या गावात असा संच मिळालेली घरं असतील. पैसा येतो कुठून? बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर असतो, त्यातून. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

म्हणजे बघा, घर बांधणाऱ्या मजुराला बूट आहे. त्या घराची जागा मोकळी करायला आधी जो माणूस तिथलं झाड तोडतो, त्याला नाही. दोघं कदाचित एकाच घरातले भाऊ असतील. फरक एवढाच, की बांधकामावर उपकर आहे आणि लाकडावर या माणसासाठी तसा काही नाही. झाड तोडायच्या परवानगीसाठी महाराष्ट्रात १९६४ पासून कायदा आहे. अर्जात झाडाची जात, संख्या, घेर सगळं येतं. ते कापणार कोण आणि कसं, हा प्रश्न कागदावर येत नाही.

दहाचा आकडा

नवी सुरक्षा संहिता वाचली तर दिलासा वाटतो. सुरक्षेसाठी जे काही द्यायचं ते मालकानं द्यायचं, आणि त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, असं त्यात लिहिलंय. नेमणूकपत्र द्यायचं, असंही आहे. मग 'आस्थापना' म्हणजे काय याची व्याख्या वाचली की लक्षात येतं: दहा किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर. आमगावची टोळी चार-पाच जणांची.

वन विकास महामंडळाच्या सागवानाच्या कूपात किंवा मोठ्या रस्त्याच्या ठेक्यात माणसं दहाच्या वर असतात. तिथं ही संहिता लागू व्हायला हवी, आणि कुणी बूट मागितले तर ती मेहेरबानी नाही, नियम आहे. पण अंगणातलं झाड, धुऱ्यावरची बाभूळ, गल्लीतल्या फांद्या, हे सगळं दहाच्या खाली राहतं. धोका मात्र माणसं मोजून येत नाही. उलट छोट्या टोळीत एकाच माणसाला मशीन, दोर, ओंडके सगळं बघावं लागतं.

ठेकेदाराची बाजूही ऐकायला हवी, कारण तो बहुतेकदा कुणी मोठा माणूस नसतो. काल तोही टोळीतच होता, मशीन घेतली म्हणून आज ठेकेदार. त्याचं म्हणणं असतं, मी बूट दिले आणि माझा भाव वाढला तर काम दुसऱ्याला जाईल. खरं आहे का हे? आकडा मांडून बघू. जीएसटी धरून एक जोडी १,५७५ रुपयांची. (जुन्या दरानं हीच १,७७० ला पडली असती.) पाच जणांच्या पाच जोड्या, ७,८७५ रुपये. टोळीनं वर्षात १५० दिवस काम केलं आणि बूट एवढंच एक वर्ष टिकला असं धरलं, तरी पूर्ण टोळीमागे दिवसाला ५३ रुपये. माणसामागे साडेदहा. टपरीवरचा एक चहा. अंगणातलं एक मोठं झाड उतरवायला जो भाव सांगितला जातो, त्यात ५३ रुपयांनी कुणाचं काम जाणार नाही. अडचण ५३ रुपयांची नाही, ७,८७५ एकदम काढायची आहे. मशीन हप्त्यावर मिळते, बुटाला कुणी हप्ता करून देत नाही.

इथं एक कायदेशीर गोष्ट ठेकेदारालाही सांगण्यासारखी आहे. जुन्या कायद्यात अशी तरतूद होती की सुरक्षेचं साधन दिलेलं असताना कामगारानं ते जाणूनबुजून वापरलं नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतीत मालक भरपाईतून सुटू शकतो. म्हणजे बूट देणं हे त्याचंही संरक्षण आहे. न दिलेल्या बुटाचा बचाव कोर्टात करता येत नाही.

पण घालेल का?

समजा बूट मिळाला. तरी तो झाडाखाली काढून ठेवलेला दिसेल, अशी शक्यता बरीच आहे. त्याला आळस म्हणू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बंद चामड्यात पाय उकडतो, घामानं बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. मोजे नसतात, असले तर एकच जोड. धानाच्या चिखलात अनवाणी चालत मोठ्या झालेल्या पायाला जमीन बोटांनी 'कळते', बुटात ती कळणं बंद होतं. पहिला आठवडा पाय दुखतो, टाच सोलते.

झाडावर चढणाऱ्याचा आक्षेप तर पूर्णपणे बरोबर आहे. बोटांनी बुंधा पकडत चढणाऱ्याला जाड, गुळगुळीत सोलचा बूट दिला तर तो वाचवणार नाही, पाडेल. त्याला आधी पट्टा आणि दोर हवा, पायाचं नंतर बघू. टोपीचा बूट हवा तो खाली उभ्या असलेल्यांना: ओंडके ओढणारा, कुऱ्हाडीनं फांद्या साफ करणारा, मशीन चालवणारा. पडलेल्या झाडाच्या फांद्या कापताना मशीन खाली येते, तेव्हा पाय तिच्या वाटेत असतो. कुऱ्हाडीचा घाव गाठीवरून निसटला की तोही पायाकडेच येतो. अशा वेळी बोटं टोपीत सुरक्षित असतात, पण नडगी उघडीच राहते. बूट सगळं करत नाही. तारेजवळच्या फांद्या कापताना तर अजिबात भरवसा नको. अकरा हजार व्होल्टपुढे बुटाचा सोल काही नाही. तिथं आधी लाइन बंद झाल्याची खात्री करायची, मग हात लावायचा.

सापाचं मात्र वेगळं आहे. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात होता. वर्षाला सरासरी ५८ हजार. दंश बहुतेक पायालाच होतात, आणि लाकडाचा रचलेला ढीग ही सापाची आवडती जागा. घोट्याच्या वर जाणारा कुठलाही जाड बूट, अगदी चारशेचा गमबूटही, इथं कामाला येतो. ढीग हलवताना तरी तो घालायला हरकत नसावी.

बायकांच्या मापाचा प्रश्न कुणी काढत नाही. फांद्या गोळा करणं, मोळ्या बांधणं, ओंडक्यांचे तुकडे वाहणं या कामात त्या असतात. सेफ्टी शू दुकानात बऱ्याचदा सहा नंबरपासून पुढे असतो. चार नंबरचा पाय सहाच्या बुटात घालून ओंडका उचलायचा म्हणजे पडायची सोय. सरकारी खरेदी होते तेव्हा मापं कुठून-कुठपर्यंत मागवली, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखं आहे.

मग हे बूट येतील कुठून? मला तीन जागा दिसतात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा बांबू अन् तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला सुरुवात करून तो रस्ता दाखवला. अशा ग्रामसभेच्या पैशातून, गावकऱ्यांनी पाय मोजून, गोंदियाच्या बाजारात जाऊन घासाघीस करून घेतलेले बूट गोदामातल्या बुटांपेक्षा बरे निघतील. दुसरी जागा, जंगल कामगार सहकारी संस्था. ठेकेदाराच्या तावडीतून मजूर सुटावा म्हणून १९४७ च्या सुमारास त्या आपल्या राज्यात सुरू झाल्या. शंभर जोड्या एकदम घेतल्या की भाव पडतो, हे काम सहकाराचंच. तिसरी, नगर परिषद, ग्रामपंचायत, बांधकाम विभाग. झाडं तोडायची निविदा निघते तेव्हा त्यात एक ओळ घालता येते: खाली काम करणाऱ्या प्रत्येकाला आयएस १५२९८ चा बूट, आणि त्याचा खर्च दरात धरलेला. सगळ्यांनाच तो खर्च धरावा लागला की 'माझाच भाव वाढेल' ही भीती संपते. यासाठी नवा कायदा लागत नाही. एक ठराव लागतो.

उपकराचाही विचार व्हायला हवा. बांधकामावर १ टक्का चालतो, तर लाकडाच्या लिलावावर अर्धा टक्का या माणसांसाठी का नको? अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर हा घ्या. लिलावाचे आकडे मागा, टोळ्या मोजा, गुणाकार करा. 'पर्यावरण' विषयाच्या त्याच त्या फायलींपेक्षा वाचणाऱ्यालाही बरं वाटेल.

आणि तुमच्या स्वतःच्या अंगणातलं झाड निघालं तर? भाव ठरवताना घरच्यांसोबत उभे राहा. बूट आहेत का, विचारा. नसतील तर दोन जोड्यांचे पैसे आम्ही देतो, बूट तुमच्याकडेच राहू द्या, असं म्हणून बघा. तीन हजार रुपये जास्त वाटतील. पण काम तुमच्या अंगणात चाललंय, आणि अंगठा तुटला तर तोही तिथंच तुटणार आहे.

घ्यायला जाल तेव्हा ज्याला घालायचाय त्याला सोबत न्या, शक्यतो संध्याकाळी. दिवसभर काम करून पाय थोडे फुगलेले असतात, माप खरं मिळतं. जाड मोजा घालून बघायचा, बोटांपुढे थोडी जागा राहिली पाहिजे, टोपीला बोट टेकता कामा नये. आयएसआय चिन्हाजवळ परवाना क्रमांक छापलेला असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानदार कंटाळेल, तरी टाका.